पेटी, मोडकी, एक

सनद स्थगित करण्याच्या अर्जात
'कारण' या शब्दापुढे दोन ओळींची जागा असते.
मी 'वैयक्तिक' लिहिलं.
शिक्का मारणाऱ्याने मान वर केली नाही.
एकोणीस वर्षं.
बाहेर फोर्टात पावणेतीनचं ऊन,
टंकलेखकांच्या टेबलांवर
कागद उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड,
आणि माझ्या काखेत काहीच नाही, याची हाताला सवय नव्हती.

दोन ओळींत मावलं नसतं ते हे :

खेतवाडी, दुसरा मजला, मागची खोली.
भाडं एकशे बारा रुपये चाळीस पैसे.
भाडेकरू कुडपकर, गाण्याच्या शिकवण्या घेणारे.
मी मालकाकडून.
अकरा वर्षं तारखा पडल्या.
उलटतपासणीत मी विचारलं,
'राहत्या जागेत तुम्ही धंदा करता, हे खरं आहे?'
म्हणाले, 'मुलांना सा लावून देतो.
त्याला धंदा म्हणत असाल तर, हो.'
मी कोर्टाला विनंती केली,
उत्तरातलं 'हो' तेवढं नोंदवून घ्यावं.

जिंकले.

ताबा घ्यायला बेलिफाबरोबर मीही गेले. गरज नव्हती.
तो यादी करत होता, मोठ्याने म्हणत :
खाट, लोखंडी, एक.
पिंप, पितळी, एक.
पेटी, मोडकी, एक.
'कसली पेटी?'
'पेटी म्हणजे पेटी, मॅडम. कपड्यांची असंल.'
कुडपकर दारात वाकून चपलेचा अंगठा बसवत होते.
त्यांनी ऐकलं.
हरकत घेतली नाही.
खाट गेली, पिंप गेलं, टेम्पो गेला.
पेटी जिन्यात राहिली ती राहिलीच.

परळला च्यारींचा गाळा आहे, नऊ बाय अकरा.
त्यांनी झाकण उघडलं :
झुरळाची अंडी, भात्याला उंदराने पाडलेली खिडकी,
आणि कुण्या मुलीचं दहावीचं हॉलतिकीट,
आसन क्रमांक अजून वाचता येणारं.
'ठेवून जा. पुढच्या शनिवारी या.'
मी ठेवून गेले नाही.
स्टुलावर बसून राहिले, दिवेलागणीपर्यंत.

मग शनिवार. मग शनिवार आणि बुधवार.
मग एका बुधवारी कोर्टात माझ्या नावाचा पुकारा झाला
आणि मी परळला चामडं भिजत घालत होते.

'पितळाच्या जिभेला टोकाशी घासलं की सूर चढतो,
बुडाशी घासलं की उतरतो,' च्यारींनी शिकवलं.
'पण जपून. घासलेलं पितळ परत येत नाही.'
म्हणजे इथे अपील नाही.
पहिल्या महिन्यात मी चार सूर ठार मारले.
ते त्यांनी डब्यात ठेवलेत, फेकत नाहीत.

झरीन म्हणाली, दमली आहेस, अलिबागला जाऊन ये.
आई म्हणाली, भिशीत बायकांना काय सांगू?
सांग, पेटीवाली.
महिन्याकाठी हातात येतं तेवढं
पूर्वी एका नोटिशीचं घ्यायचे.
हे गमतीने सांगते, पण वीजबिल बघताना गंमत वाटत नाही.

'तेच काळं-पांढरं, वकीलबाई,' च्यारी पट्ट्या पुसत म्हणतात,
'फक्त इथं दाबलं की खरा आवाज येतो.'
मी त्यांना सांगत नाही
की तिथेही यायचा.
आम्ही तो नोंदवून घेत नव्हतो.

कुडपकरांना पत्र टाकलं. त्यांच्या पुतण्याचा पत्ता, विरारचा,
माझ्याच जुन्या कागदपत्रांत होता.
पाकीट परत आलं :
सदर इसम या पत्त्यावर राहत नाही.
हा शेरा मी कितीदा पुरावा म्हणून जोडलाय.

पेटी आता वाजते.
खालचा पंचम तेवढा हवा गाळतो,
म्हाताऱ्याने बोलण्याआधी घ्यावा तसा श्वास घेतो
आणि मग लागतो.
'आज करून टाकू,' च्यारी म्हणतात, कानस पुढे करतात.
मी झाकण लावते.
पुढची तारीख.